कडेला चिकटून सायकल चालवू नका

पत्र: मी बत्तीस वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून सायकलने ऑफिसला जाते. रस्ता सगळा गर्दीचा. गेल्या महिन्यात कडेला उभ्या असलेल्या एका कारचं दार अचानक माझ्यासमोर उघडलं. मी दारावर आदळून रस्त्यात पडले. मागच्या गाडीने वेळीच ब्रेक मारला म्हणून वाचले. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला, बाकी काही झालं नाही. पण तेव्हापासून हँडल हातात धरलं की छाती धडधडते. मी कधी सिग्नल मोडत नाही, वेगात जात नाही, रस्त्याच्या मध्ये तर कधीच जात नाही. अगदी कडेला चिकटून चालवते. मागून हॉर्न वाजला की आणखी कडेला सरकते. तरी माझ्यावर ही वेळ आली. बस किंवा ट्रक जवळ आला की आता हातपाय गळतात. सासूबाई म्हणतात, जिवापेक्षा सायकल मोठी का? नवरा म्हणतो, स्कूटर घे आणि विषय संपव. मला सायकल सोडायची नाही. पण मी उगाच हट्ट करतेय का, हेही कळत नाही. काय करू?

उत्तर:

ताई,

बाकीचं नंतर बोलू. आधी दोन गोष्टी तपासा, कारण पत्रात त्यांचा उल्लेख नाही.

पडताना हेल्मेट होतं का, आणि ते कुठे आपटलं का? आपटलं असेल तर ते आता वापरू नका, बाहेरून चरासुद्धा दिसत नसला तरी. आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. दबला की त्याचं काम संपलं. पुढच्या वेळी तो डोकं वाचवणार नाही. दुसरी गोष्ट सायकलची. दारावर आदळते तेव्हा मार पुढच्या चाकाला आणि फोर्कला, म्हणजे ते चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दुपायी भागाला बसतो. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेकच्या रबरांमध्ये ते डुलतंय का बघा. मग बाजूने उभं राहून फोर्कचे दोन्ही पाय मागे वाकलेत का, जोडाजवळचा रंग सुरकुतलाय का, ते बघा. काहीही वेगळं दिसलं तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय सायकलवर बसू नका. वाकलेला फोर्क महिनाभर नीट चालतो आणि एखाद्या खड्ड्यात दगा देतो.

आता तुमच्या पत्राकडे येते. त्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘अगदी कडेला चिकटून चालवते.’ तुम्ही ते स्वतःच्या बाजूने साक्ष म्हणून लिहिलंय, की बघा, मी एवढी काळजी घेत होते. घेत होताच. पण ज्या जागेला तुम्ही सुरक्षित समजत होता, ती सायकलसाठी रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट जागांपैकी एक आहे. लहानपणापासून आपल्याला हेच शिकवलेलं असतं: सायकल कडेने, मोठ्या गाड्या मधून. म्हणून यात तुमची चूक काढत नाही. पण तुमचा अपघात त्या सवयीतून झालाय, आणि ती बदलली नाही तर तो पुन्हा होऊ शकतो.

हिशोब करून बघा. कारचं दार पूर्ण उघडलं की साधारण मीटरभर रस्त्यात येतं. उभ्या गाड्यांपासून हातभर अंतरावरून तुम्ही जात असाल तर सबंध रस्ताभर, प्रत्येक गाडीपाशी, त्या दाराच्या टप्प्यात असता. ताशी १८ किलोमीटर हा सायकलचा साधा वेग झाला. त्या वेगाने सायकल सेकंदाला ५ मीटर जाते. समोर काहीतरी घडलं हे डोळ्यांनी टिपायचं, मेंदूने समजून घ्यायचं आणि बोटांनी ब्रेक दाबायचा, यात एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच तुम्ही ५ ते साडेसात मीटर पुढे गेलेल्या असता. दार ३ मीटरवर उघडलं तर जगातला कुठलाही सायकलपटू तिथे थांबू शकत नाही. तेव्हा ‘माझं लक्ष नव्हतं का’ हा प्रश्न मनातून काढून टाका. अशा वेळी प्रश्न लक्षाचा नसतोच, अंतराचा असतो.

बरं, दार समोरून लागणं हा एकच प्रकार नाही. पुष्कळदा दाराची कड हँडलच्या टोकाला नुसती घासते. हँडल दाराच्या बाजूला वळतं आणि सायकलस्वार उलट बाजूला, म्हणजे चालत्या वाहतुकीत फेकला जातो. दारापेक्षा मागून येणारी गाडी जिवावर बेतते ती अशी. तुमच्या मागच्या चालकाने ब्रेक मारला, हे खरंच नशीब.

म्हणून पहिला बदल हा: उभ्या गाड्या आणि तुमच्या हँडलचं टोक यांत किमान एक मीटर अंतर, जमेल तिथे त्याहून जास्त. ते मिळत नसेल तर वेग चालण्याइतका कमी करा. गाड्या वाचायलाही शिका. नुकतीच थांबलेली गाडी, मागचे लाल दिवे चालू असलेली गाडी, आरशात किंवा मागच्या काचेतून दिसणारं डोकं, आतला दिवा लागलेला: यांतलं काहीही दिसलं की दार उघडणारच असं धरून चालायचं. टॅक्सी थांबली की दोन्ही बाजूंची दारं उघडू शकतात, हेही लक्षात असू द्या. मात्र गाड्यांच्या खिडक्या वाचता वाचता पुढचा रस्ता विसरायचा नाही, म्हणून खिडक्या बघण्यापेक्षा अंतरावर जास्त भर द्या.

उभ्या गाड्यांच्या रांगेत मध्ये एखादी जागा रिकामी असते. तिथे कडेला शिरू नका. शिरलात की दहा मीटरवर पुढच्या उभ्या गाडीसाठी पुन्हा बाहेर यावं लागतं, आणि मागच्याला ते तुम्ही अचानक आडव्या आल्यासारखं वाटतं. एक सरळ रेष धरा आणि त्या रेषेवर राहा. मागच्या चालकाला तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल याचा अंदाज आला पाहिजे. तुमचा अर्धा बचाव त्यात आहे.

मग उभ्या गाड्या नसतील तिथे तरी कडेला जावं का? तिथेही नाही. कडेला काय असतं ते आठवा: गटाराची जाळी, खडी, काच, डांबराची तुटलेली धार, फूटपाथवरून अचानक उतरणारी माणसं. त्यातलं काही चुकवायला तुम्हाला एकदम रस्त्यात वळावं लागतं. शिवाय कडेला चिकटलेली सायकल बघून मागच्या चालकाला वाटतं, जागा आहे, याच लेनमधून निघून जाऊ. तो लेन न बदलता तुमच्या खांद्याला घासून जातो. तुम्ही थोड्या आत असाल तर त्याला ठरवावं लागतं: थांबायचं की नीट बाजूच्या लेनमध्ये जाऊन पुढे निघायचं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्यांच्या नियमावलीत, २०२२ साली जे बदल झाले, त्यांत हे स्पष्ट लिहिलंय. शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत, आणि चौकाजवळ किंवा रस्ता अरुंद होतो तिथे सायकलस्वाराने लेनच्या मध्यातून जावं. एरवी कडेपासून किमान अर्धा मीटर आत राहावं. गाडीवाल्यांना सांगितलंय की ताशी ३० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडा, वेग जास्त असेल तर त्याहून जास्त. तुमच्या रस्त्यावरचे चालक ते कोड पाळत नसतील, पण त्यामागचं कारण कुठल्याही देशातल्या रस्त्याला लागू पडतं.

लेनच्या मध्यात गेलात की हॉर्न वाजणार. तो वाजला की तुम्ही कडेला सरकता, असं लिहिलंय. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलंय, म्हणून तर तो वाजवतोय. तो चिडला असेल, त्याला घाई असेल, पण त्याच्या लेखी तुम्ही रस्त्यावर आहात. भीती बाळगायचीच तर ज्याने तुम्हाला पाहिलंच नाही त्याची बाळगा, आणि तो हॉर्न वाजवत नाही. तेव्हा हॉर्न ऐकून दचकून वळू नका. रेष सोडू नका. पुढे खरोखर मोकळी, सपाट जागा आली की आपणहून बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. हा समजूतदारपणा आहे, आणि त्याने मागची चिडचिडही कमी होते. फक्त बाजूला कधी व्हायचं ते तुम्ही ठरवायचं, त्याच्या हॉर्नने नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. जिथे गाड्या ताशी ६०-७० ने धावतात, असे उड्डाणपूल, भुयारी रस्ते, शहराला वळसा घालणारे रुंद रस्ते, तिथे मागून येणाऱ्या गाडीची भीती अगदी रास्त आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. चालकाला तुम्ही दिसेपर्यंत तुमच्यातलं अंतर संपलेलं असतं. तिथे लेनच्या मध्यात जाण्याचा सल्ला मी देणार नाही. तिथे जाऊच नका असं सांगेन. तुमच्या वाटेत असा तुकडा असेल तर दोन-तीन किलोमीटरचा वळसा घ्या, नाहीतर उतरून सायकल हातात धरून फूटपाथने चाला. यात कमीपणा नाही.

आता बस-ट्रक. तुमचे हातपाय गळतात ते बरोबरच आहे, पण भीतीची जागा थोडी चुकलीये. गर्दीच्या रस्त्यात तुमच्या मागे असलेला ट्रक तितका धोक्याचा नसतो, कारण मागे असताना त्याच्या चालकाला तुम्ही समोर दिसता. खरा घात होतो तो तुम्ही त्याच्या बाजूला असताना. यापुढे मी वाहतूक डावीकडून चालते असं धरून लिहिते आहे. उजवीकडून चालत असेल तिथे बाजू उलट करून वाचा.

सिग्नलला ट्रक उभा आहे. त्याच्या डाव्या अंगाला, ट्रक आणि फूटपाथ यांच्यामध्ये, सायकल आरामात जाईल एवढी फट आहे. आपण त्या फटीतून पुढे सरकतो, सगळेच सरकतात. पण उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाला त्या बाजूचं, केबिनला लागून असलेलं माणूस दिसतच नाही. खिडकीची खालची कड तुमच्या डोक्यापेक्षा वर असते, आणि आरशात दिसतो तो एक तुकडा. बोनेटसमोरचा पट्टाही तसाच आंधळा. सिग्नल हिरवा होतो आणि ट्रक डावीकडे वळतो. वळताना पुढची चाकं मोठा घेर घेतात, पण मागची चाकं त्या घेरात जात नाहीत. ती आतून, कोपऱ्याला घासून येतात. ट्रक जितका लांब तितकी ती जास्त आत येतात. तुम्ही उभ्या आहात ती फट त्या चाकांच्या वाटेत असते, आणि ती बंद होत जाते. फूटपाथला कठडा असेल तर निसटायलाही जागा राहत नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे डावीकडे वळायच्या आधी लांब गाड्या थोड्या उजवीकडे जातात, वळणाला जागा मिळावी म्हणून. मागच्या सायकलस्वाराला वाटतं, ट्रक उजवीकडे चाललाय, डावी बाजू मोकळी झाली. आणि तो नेमका तिथे शिरतो. ट्रक चौकाजवळ उजवीकडे सरकताना दिसला, इंडिकेटर लागलेला असो वा नसो, तर त्याच्या डावीकडे जायचं नाही हे डोक्यात पक्कं बसवा.

याला एकच नियम पुरतो. चौकात ट्रक, बस, टँकर, काँक्रीट मिक्सर यांच्या बाजूला थांबायचं नाही. मागे थांबा, चालकाचे दोन्ही आरसे तुम्हाला दिसतील इतक्या मागे आणि लेनच्या मध्यात. तुम्हाला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तुम्ही आधीच पुढे उभ्या असाल आणि ट्रक येऊन तुमच्या शेजारी लागला, तर त्याच्या केबिनच्या चांगलं पुढे जाऊन उभ्या राहा. तेही जमत नसेल तर सरळ फूटपाथवर चढा आणि त्याला जाऊ द्या. अर्धा मिनिट जाईल. पुढे सरकणारे बाकीचे सायकलवाले बघून मोह होईल, तो आवरा.

चालकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. केबिनमधून दिसतच नसेल तर चांगला चालकसुद्धा काय करणार? लंडनने यावर वेगळा उपाय केला. तिथे १२ टनांपेक्षा जड ट्रकना, चालकाला केबिनमधून प्रत्यक्ष किती दिसतं यावरून शून्य ते पाच तारे दिले जातात. २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी तारे असलेल्या ट्रकला जादा सुरक्षा उपकरणं बसवल्याशिवाय शहरात परवाना मिळत नाही. ‘सायकलवाल्यांनो, सांभाळून’ असा फलक लावून ते थांबले नाहीत, धोका जिथे तयार होतो तिथे हात घातला.

ट्रक सोडून बाकीच्या गाड्यांचाही खरा धोका चौकातच. तुम्हाला ओलांडून लगेच तुमच्यासमोरून डावीकडे वळणारी कार, समोरून येऊन उजवीकडे वळणारी मोटरसायकल, गल्लीतून तोंड बाहेर काढणारी गाडी. ‘दिसलीच नाही हो’ असं चालक नंतर म्हणतो तेव्हा तो दरवेळी खोटं बोलत नसतो. आपण मान एकदम डावीकडून उजवीकडे फिरवतो तेव्हा नजर सलग सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारते, आणि उडीच्या काळात मेंदू डोळ्यांकडून येणारं चित्र घेत नाही. मधली जागा रिकामीच आहे असं वाटून जातं. समोरून अरुंद दिसणारी सायकल त्या मधल्या जागेत सहज हरवते. कारच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांबही तसेच. त्यांच्या आड सबंध सायकल लपते, आणि दोघंही ठरावीक वेगाने चौकाकडे येत असतील तर ती शेवटपर्यंत आडच राहते.

म्हणून गल्लीच्या तोंडापाशी कडेपासून थोडं आणखी आत या. तुम्ही लवकर दिसता, आणि कुणी नाक बाहेर काढलंच तर तुमच्याकडे जागा उरते. चालकाशी नजरानजर झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. तो तुमच्याकडे बघत असतो पण त्याचं लक्ष तुमच्या मागच्या बसवर असू शकतं. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. गाडी हलायला लागली की ते चाकावर आधी कळतं. बोटं ब्रेकवर तयार ठेवा. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल आणि चार लेन ओलांडायची हिंमत होत नसेल तर दोन टप्प्यांत वळा: आधी सरळ पलीकडे जा, तिथे थांबून सायकल वळवा, आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की सरळ निघा. वेळ थोडा जास्त लागतो, धोका बराच कमी होतो.

पावसाबद्दल थोडक्यात. पांढरे पट्टे, गटारांची झाकणं, लोखंडी पत्रे ओले झाले की त्यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेकही मारायचा नाही, सरळ ओलांडायचं. रेल्वेचे किंवा ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडायचे. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते कळत नाही, तेव्हा त्यातून न गेलेलं बरं. रिमवर लागणारे ब्रेक ओले असले की पहिले काही फेरे नुसते घसरतात, म्हणून ते आधीपासून हलके दाबत या.

दिव्यांच्या बाबतीत लोक फ्लुरोसंट जाकीट घालून समाधान मानतात. तो भडक रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला उपयोगी. रात्री त्याचा काही फायदा नाही, तिथे प्रकाश परत फेकणारी पट्टी लागते. ती पाठीपेक्षा घोट्यांवर आणि गुडघ्यांवर बांधा. पॅडल मारताना वरखाली होणाऱ्या त्या दोन चमका पाहिल्या की चालकाचा मेंदू ‘हा माणूस आहे’ हे चटकन ओळखतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. कानात इयरफोन नकोत. हेल्मेट घाला, भुवईच्या दोन बोटं वर येईल असं, पट्टा नीट आवळून. पण ते डोक्याची इजा कमी करतं, अपघात टाळत नाही. हेल्मेट घातलं म्हणजे काळजी घेतली, असं तुमच्या घरच्यांना वाटत असेल तर त्यांना हेही सांगा.

आता धडधडीबद्दल. तुमच्या शरीराला एक धडा मिळालाय आणि ते तो विसरत नाहीये. त्याच्याशी भांडू नका, आणि उद्याच त्याच रस्त्यावर त्याच वेळेला स्वतःला ढकलू नका. आधी मोकळं मैदान किंवा सुट्टीच्या दिवशी रिकामी असलेली जागा शोधा आणि तीन गोष्टी करा. पहिली, सरळ रेषेत जाताना खांद्यावरून मागे बघणं. सुरुवातीला मान वळेल त्या बाजूला सायकलही जाईल. रेष हलेनाशी होईपर्यंत हे करत राहा. रस्त्यावर जागा बदलायच्या आधी हे आलंच पाहिजे. दुसरी, एक हात सोडून वळण्याची खूण करणं, तेही न डुगडुगता. तिसरी, जोराने ब्रेक मारणं. मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, पण थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, कारण सगळा भार पुढे येतो. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत नेत, अंग मागे सरकवून आणि हात ताठ ठेवून मारा. हे चार-पाच वेळा केलंत की आपल्याला थांबता येतं हे शरीराला पटतं. धडधड कमी करायला त्याची मदत होईल. नुसत्या समजावण्याने ती जात नाही.

मग एखाद्या रविवारी सकाळी ऑफिसचा रस्ता सायकलने फिरून या, पण मागच्या गल्ल्यांमधून. कारने जायचा रस्ता आणि सायकलने जायचा रस्ता एकच असायचं कारण नाही. लांबचा पण शांत रस्ता सापडला तर तोच तुमचा. जमल्यास घरून निघायची वेळही अर्ध्या तासाने अलीकडे आणा. महिना-दीड महिन्याने सगळं करूनही झोप उडत असेल, तेच दृश्य डोळ्यांसमोर येत राहत असेल, तर समुपदेशकाशी बोला. अपघातानंतर असं होतं आणि त्यावर उपचार असतात.

घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका. ते घाबरलेत, कारण तुम्ही त्यांना हव्या आहात. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर वादाने देण्यापेक्षा नवा रस्ता त्यांना दाखवा. नवऱ्याला एक दिवस सायकलवर बरोबर न्या. स्कूटर घेतल्याने हा विषय संपत नाही, हेही त्यांना सांगा; उघडणारं दार स्कूटरलाही लागतं आणि तिचा वेग जास्त असतो. आकडा हवा असेल तर २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कारऐवजी सायकलने प्रवास करणाऱ्यांचा नफातोटा मांडला होता. व्यायामाने आयुष्य सरासरी ३ ते १४ महिन्यांनी वाढतं आणि अपघातांच्या वाढीव धोक्याने ते ५ ते ९ दिवसांनी कमी होतं, असा त्यांचा अंदाज होता. ते रस्ते नेदरलँड्सचे होते, हे मात्र विसरू नका. तुमच्या रस्त्यावर तोट्याचं पारडं जास्त जड असणार. म्हणूनच मी एवढं सगळं लिहिलं.

आणि घरात कार असेल तर सगळ्यांना एक सवय लावा: दार उघडताना दारापासून लांबचा हात वापरायचा. उजवीकडे बसलेल्याने डावा हात. तो हात दारापर्यंत नेताना अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. ही नेदरलँड्सशी जोडली गेलेली पद्धत, आणि २०२२ पासून ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही आहे. सासूबाईंनाही शिकवा. तुमच्यासाठी नाही तर दुसऱ्या कुणाच्या सुनेसाठी.

तुम्ही हट्ट करताय का? मला नाही वाटत. रस्ता असा का असावा की नीट, नियमाने चालणाऱ्या माणसाला घरच्यांनी जिवाची शपथ घालावी? नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. आज सायकलचा देश म्हणून आपण ज्याचं नाव घेतो त्या देशाची ही गोष्ट. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली, आणि त्या दबावामुळेही पुढच्या दशकांत सायकलसाठी वेगळे रस्ते झाले, वस्त्यांमधले वेग उतरले. नॉर्वेची राजधानी ऑस्लोने शहराच्या मध्यातली शेकडो पार्किंगं काढली, वेग कमी केले, आणि २०१९ साली तिथे एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही. तुम्हाला जे दार लागलं, ते तिथे पार्किंग होतं म्हणून लागलं. आणि ती जागा कुणीतरी ठरवून दिलेली असते.

तेव्हा अपघात झाला त्या ठिकाणाचे फोटो काढा. रस्ता किती रुंद आहे, गाड्या कुठपर्यंत उभ्या असतात, सायकलला किती जागा उरते, हे टेपने मोजून लिहा. तारीख आणि वेळ लिहा. त्याच रस्त्याने जाणारे आणखी चार-पाच सायकलवाले आणि ज्यांची मुलं तिथून शाळेत जातात असे पालक यांच्या सह्या घ्या, आणि महापालिकेच्या रस्ते विभागाला आणि वाहतूक पोलिसांना एकाच मजकुराचा अर्ज द्या. मागणी एकच ठेवा: त्या पट्ट्यातलं पार्किंग हलवा. दहा मागण्या केल्या की सोपी एखादी पुरी करून बाकीच्या बाजूला ठेवल्या जातात. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, आणि महिन्याने ती घेऊन पुन्हा जा.